चौदाशे सत्तावन्न यार्ड बाकी असताना

विषय काढला शऱ्याने. डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत काही वर्षं काढून तो चिंचवडला परतला, तो अमेरिकन फुटबॉल डोक्यात घेऊनच. एरवी कट्ट्यावर त्याला कुणी फार बोलू देत नाही. त्या दिवशी मात्र त्याने प्रश्नच असा टाकला की चहा संपला तरी कुणी उठेना.

"एक माणूस. वय ३१. अंगाला मोठी दुखापत नाही. एनएफएल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात चेंडू घेऊन सगळ्यात जास्त धावलेला खेळाडू व्हायचं तर आधीचा विक्रम गाठायला त्याला फक्त १,४५७ यार्ड हवेत. आदल्या हंगामात तो धावलाय १,४९१. म्हणजे एका वर्षाचा प्रश्न. आणि हा २७ जुलै १९९९ ला, सराव शिबिराच्या तोंडावर, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवतो की मी थांबतोय. स्वतः लंडनला निघून जातो. बरोबर केलं की चूक?"

"पळून गेला," बापू म्हणाले. बापूंनी कारखान्यात हयात घालवली, युनियनचं काम केलं. त्यांचं मत पटकन बनतं आणि सहसा बदलत नाही.

माणूस म्हणजे बॅरी सँडर्स, डेट्रॉइट लायन्सचा रनिंग बॅक. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या खेळाडूने, चेंडू हातात दिला की समोरच्या अकरा जणांमधून तो घेऊन घुसायचं, हे रनिंग बॅकचं काम. सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात, आणि बॅरीची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. दहा वर्षांत त्याने ३,०६२ वेळा चेंडू नेला आणि १५,२६९ यार्ड कमावले. सायलीने मोबाइलवर हिशोब केला, जवळजवळ चौदा किलोमीटर निघाले.

"पण दादा, घाई कसली होती त्याला? एक वर्ष खेळला असता तर नाव कायमचं वर राहिलं असतं," सायली म्हणाली. ती फिजिओथेरपी शिकते.

"कायमचं कुठे?" मी म्हणालो. "वॉल्टर पेटनचा १६,७२६ चा विक्रम एमिट स्मिथने २००२ मध्ये मोडलाच. पंधरा हंगाम खेळून तो १८,३५५ वर थांबला. बॅरीने १९९९ ला पेटनला गाठलं असतं, तरी स्मिथ मागून येतच होता."

शऱ्याला हे पटलं नाही. बॅरी चालू राहिला असता तर स्मिथला तो आकडा दिसलाही नसता, असं त्याचं म्हणणं. यात तथ्य आहे. स्मिथला तिथवर पोचायला ४,४०९ वेळा चेंडू न्यावा लागला. बॅरीची सरासरी दर वेळी पाच यार्डांची. पण या माणसाला आकड्यांची भूक होती असं मानूनच आपण सगळे बोलत होतो, आणि तिथेच वाद चुकीच्या रस्त्याला लागतो असं मला वाटतं.

मी त्यांना १९८९ ची गोष्ट सांगितली. बॅरीचं लीगमधलं पहिलं वर्ष, शेवटचा सामना अटलांटात. लीगमध्ये सगळ्यात जास्त धावण्याचा मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेकडे जाणार, १,४८० यार्डांवर. बॅरी १,४७० वर. दहा यार्ड! त्याच्यासाठी दोन-तीन धावांचं काम. प्रशिक्षक वेन फॉन्ट्स यांनी विचारलं, पुन्हा उतरतोस का? सामना हातात आलेला होता. बॅरी नको म्हणाला. नवखा पोरगा, नाव करायची वेळ, आणि तो बाकावर बसून राहिला. टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण, केल्यावरही तो नाचायचा नाही, चेंडू आपटायचा नाही. पंचाच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचा.

"हे संस्कार घरचे," शऱ्या म्हणाला. कॅन्ससमधलं विचिता हे बॅरीचं गाव. वडील विल्यम छपरं घालायचे, सुतारकाम करायचे. घरात अकरा मुलं. वडिलांच्या लेखी सर्वोत्तम रनिंग बॅक म्हणजे जिम ब्राउन, आणि मुलगा कितीही धावला तरी त्यांनी हे मत बदललं नाही.

सायलीला कॉलेजातला बॅरी माहीतच नव्हता. ओक्लाहोमा स्टेटमध्ये पहिली दोन वर्षं तो थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता. थॉमस कॉलेज सोडून गेला आणि १९८८ मध्ये बॅरीने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड काढले. त्या वर्षीचा शेवटचा साखळी सामना टोकियोत झाला. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जाहीर झाली तेव्हा तो तिथेच होता, आणि त्याच सामन्यात ३३२ यार्ड धावला. अलीकडे २०२४ मध्ये बॉइसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने जीव तोडून पाठलाग केला, १४ सामने खेळला, तरी २,६०१ वर अडकला. बॅरीच्या वेळी हंगाम अकरा सामन्यांचा होता, हे लक्षात घ्या, म्हणजे तो आकडा काय आहे ते कळेल.

"मोठा खेळाडू होता, मान्य," बापू म्हणाले. "मोठ्या माणसाने निरोप घेऊ नये का? आमच्याकडे साधा फिटरसुद्धा महिन्याची नोटीस द्यायचा. सोबतचे दहा जण तुझ्या भरवशावर. तो प्रशिक्षक, काय नाव त्याचं…"

"बॉबी रॉस."

"तो उन्हाळाभर फोन करतोय आणि हा उचलत नाही. शिबिर सुरू व्हायच्या वेळी कागद पाठवतो. त्या जागी दुसरा माणूस आता कुठून आणायचा त्यांनी?"

हा मुद्दा मला खोडता आला नाही, आजही येत नाही. वेळ चुकली. शऱ्याने सांगितलं की त्याचा तिथला एक वयस्क सहकारी अजून त्या जुलैबद्दल बोलताना आवाज चढवतो. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याकडे रविवारी पाहण्यासारखं एवढंच होतं, आणि तेही कुणी न सांगता काढून घेतलं. त्या रागात प्रेम आहे, त्याला नावं ठेवू नयेत.

पण बापूंच्या नोटिशीला दुसरी बाजू आहे, आणि युनियनच्या माणसाने ती आधी पाहायला हवी, असं मी त्यांना म्हणालो. या लीगमधला करार बहुतेक वेळा एकतर्फी असतो. संघाला वाटलं तर खेळाडूला मधल्या वर्षी काढता येतं आणि पुढच्या वर्षांचा बराचसा पगार बुडतो. खात्रीचा असतो तो सहीचा बोनस. बॅरीने १९९७ मध्ये सहा वर्षांचा करार केला, त्यात १.१ कोटी डॉलरचा बोनस. तो थांबल्यावर लायन्स बोनसचे पैसे मागायला गेले. दुसऱ्या संघात जाऊ द्या, हे त्यांनी ऐकलं नाही. २००० मध्ये लवाद बसला आणि निकाल संघाच्या बाजूने लागला. बोनस सहा वर्षांवर विभागायचा आणि न खेळलेल्या दर वर्षाचे १८.३३ लाख डॉलर परत करायचे.

"मग बरोबरच आहे की. न केलेल्या कामाचे पैसे," बापू म्हणाले.

"पैसे परत करणं बरोबर. पण त्याने पैसे बुडवले असं म्हणू नका. त्याने किंमत मोजली आणि घरी राहिला. त्याला डेट्रॉइटमध्ये खेळायचं नव्हतं, आणि दुसरीकडे खेळायची वाट संघाने बंद ठेवली. मग उरलं काय?"

बापू थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचं मत हललं नसेल, पण 'पळून गेला' हे शब्द त्यांनी पुन्हा वापरले नाहीत.

का गेला, यावर मात्र कट्टा फुटला. सायलीचं म्हणणं शरीराचं. पिट्सबर्गचा जुना खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत वारला, त्याच्या मेंदूच्या तपासणीतून या खेळातल्या धडकांचं खरं रूप जगासमोर आलं. बॅरी वेळेत बाहेर पडला, हेच शहाणपण, असं ती म्हणाली. मला ते ओढून ताणून वाटतं. त्याने हे कारण कधी पुढे केलं नाही. दहा वर्षांत १६० पैकी १५३ सामने तो खेळला. आपण आज जे जाणतो ते त्याच्या तोंडी घालू नये.

फॅक्समध्ये त्याने इतकंच लिहिलं होतं की खेळात राहण्याच्या इच्छेपेक्षा बाहेर पडण्याची इच्छा मोठी झाली आहे. नंतर २००३ मध्ये त्याने लिहिलं ते अधिक स्पष्ट होतं. संघाला जिंकायची धडपडच राहिली नाही, असं त्याला वाटत होतं. दहा वर्षांत पाच वेळा प्लेऑफ, त्यात विजय एकच, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसवर ३८-६. त्याच्यापुढे वाट मोकळी करणारा सेंटर केव्हिन ग्लोव्हर, त्याचा जवळचा मित्र, १९९७ नंतर संघाने जाऊ दिला.

आणि मला आणखी एक दिवस महत्त्वाचा वाटतो. २१ डिसेंबर १९९७, पॉन्टिॲकचं सिल्व्हरडोम, समोर न्यूयॉर्क जेट्स. बॅरी त्या दिवशी १८४ यार्ड धावला आणि एका हंगामात दोन हजार ओलांडणारा लीगमधला तिसरा खेळाडू ठरला, एकूण २,०५३. हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे ५३ यार्ड होते, पुढचे सलग चौदा सामने शंभरच्या वर. आणि त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेगी ब्राउन टक्कर होऊन मैदानावर निपचित पडला. त्याला तिथेच तोंडाने श्वास द्यावा लागला. मणक्याला मार होता. तो वाचला, पुढे चालू लागला, पण पुन्हा खेळला नाही. त्याआधी १९९१ मध्ये माइक अट्ली याच मैदानावर पडला होता, तो छातीखाली लुळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात एरिक ॲन्डोल्सेक आपल्या घरासमोर ट्रकखाली गेला. अट्ली आणि ॲन्डोल्सेक दोघेही बॅरीसाठी वाट काढणाऱ्या फळीतले. यातलं कोणतं कारण निर्णायक, हे मी ठरवणार नाही. पण ज्याने एवढं जवळून पाहिलं, त्याने किती वर्षं खेळावं हे आपण १,४५७ या आकड्यावरून ठरवू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

"लोकांनी माफ केलं का शेवटी?" सायलीने विचारलं.

२००४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्याच वर्षी लायन्सनी २० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. २०२३ मध्ये फोर्ड फील्डबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. पुढच्या जानेवारीत संघाने ३२ वर्षांनी प्लेऑफ जिंकला. शऱ्या तेव्हा तिथेच होता, सांगताना आजही खुलतो.

"मला एक सामना दाखव त्याचा," सायली म्हणाली.

"ऑक्टोबर १९९७, टॅम्पा बे," शऱ्या लगेच म्हणाला. "एकाच सामन्यात दोन टचडाउन, एक ८० यार्डांचं, एक ८२. आणि डॅलसचं ते ४७ यार्डांचं, चार जणांच्या हातातून सुटून गेलेलं."

"आणि ग्रीन बेचा दाखव तिला," बापू म्हणाले. हे शऱ्यानेच त्यांना कधीतरी सांगितलेलं असणार. "१९९४ चा प्लेऑफ. तेरा वेळा चेंडू दिला आणि कमाई उणे एक यार्ड, म्हणजे पुढे सरकण्याऐवजी मागेच. तोही त्याचाच सामना आहे."

"दाखवतो बापू, दोन्ही दाखवतो," शऱ्या म्हणाला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला चहावाल्याकडे गेला.