खिशात हात घालून गाणं बदलता येतं का?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, आई म्हणते दहावी होईपर्यंत स्वतःचा फोन नाही. पण मला गाणी ऐकायला काहीतरी हवंय. कुणाचा तरी जुना आयपॉड टच मिळतोय. घेऊ का?"

मी लगेच "नको" म्हणालो आणि मग अर्धा तास का नको ते सांगत बसलो. ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण हा विषय मला मनापासून जवळचा आहे. अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड टच, म्हणजे फोनची सोय नसलेला आयफोनच म्हणा, हा आजवरचा सर्वोत्तम टचस्क्रीन प्लेअर होता, असं लोक सहज बोलून जातात. ते मला पटत नाही. यंत्र म्हणून तो अप्रतिम होता. गाणी ऐकायचं साधन म्हणून त्याच्यापेक्षा चांगलं त्याच काळात बाजारात होतं.

2010 मध्ये मी ओहायोत एमएस करत होतो. आमच्या खोलीत तिघांकडे तीन प्लेअर होते. नागपूरच्या मित्राकडे तिसऱ्या पिढीचा आयपॉड टच, हैदराबादच्या मित्राकडे मायक्रोसॉफ्टचा झून एचडी आणि माझ्याकडे कोवॉन जे 3, कोरियन कंपनीचा. हिवाळाभर आम्ही ते आलटून पालटून वापरले.

आयपॉड टचचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. पहिला टच सप्टेंबर 2007 मध्ये आला, साडेतीन इंची पडदा आणि वायफाय घेऊन. बोटाने यादी ढकलली की ती ज्या सहजतेने सरकायची, तशी दुसऱ्या कुठल्याच प्लेअरवर सरकत नव्हती. 2008 च्या जुलैमध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत तिथे 75,000 अ‍ॅप्स होती. झून एचडी त्याच महिन्यात बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी हवामान, कॅल्क्युलेटर आणि मोजके गेम्स एवढंच होतं. तुलना करणाऱ्या बहुतेकांनी निकाल इथेच लावून टाकला.

पण अ‍ॅप्स मोजून गाण्याच्या यंत्राचा निकाल कसा लागेल? स्वतः स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की टच नेमका काय म्हणून विकायचा, हे सुरुवातीला त्यांनाही स्पष्ट नव्हतं. लोक त्याच्याकडे गेम खेळायचं यंत्र म्हणून बघतात, हे ग्राहकांकडूनच कळलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बनवणाऱ्यांच्या मनातसुद्धा त्यात गाणं पहिल्या जागेवर नव्हतं.

झून एचडीबद्दल मला आजही हळहळ वाटते. वजन फक्त 74 ग्रॅम. 3.3 इंची ओएलईडी पडदा, त्यातला काळा रंग म्हणजे खोलीतला दिवा घालवल्यासारखा काळा. मोठ्या अक्षरांतला त्याचा मेनू इतका देखणा होता की पुढे विंडोज फोनने तीच वाट धरली. महिन्याला 14.99 डॉलर भरले की हवी तेवढी गाणी ऐकता यायची आणि त्यातली दहा कायमची आपली व्हायची. त्या काळात हा सौदा फार चांगला होता. पण मायक्रोसॉफ्टने हा प्लेअर अमेरिकेबाहेर विकलाच नाही. मित्र सुट्टीत घरी जायचा तेव्हा झूनचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान, ती वर्गणी, सगळं मागे राहायचं आणि हातात उरायचा एक सुंदर पडदा. 2011 मध्ये कंपनीने झून बनवणंच थांबवलं.

आता जे 3. दिसायला साधा, मेनू थोडा गुंतागुंतीचा, वायफाय नाही, अ‍ॅप स्टोअर नाही. तरीही मी तोच का घेतला?

कारण बाबांच्या कॅसेट्स. सांगलीच्या घरी बाबांनी घरगुती बैठकींच्या कितीतरी कॅसेट्स जपल्या होत्या. त्या मी एका उन्हाळ्यात संगणकावर उतरवल्या आणि फ्लॅक या प्रकारच्या फाइल्समध्ये ठेवल्या, म्हणजे आवाजातलं काही गाळलं जाऊ नये. आयपॉड टच फ्लॅक वाजवत नव्हता, झूनही नाही. दोन्हीकडे आधी रूपांतर करा, मग त्यांच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमधून गाणी चढवा. जे 3 ला केबल लावली, फोल्डर उचलून टाकलं, झालं. सांगलीत चुलतभावाच्या जुन्या संगणकावरूनही ते जमायचं. शिवाय त्यात मायक्रोएसडी कार्डाची खाच होती. टचला ती कधीच मिळाली नाही. एफएम रेडिओही टचला शेवटपर्यंत मिळाला नाही. जे 3 मध्ये तो होता, वर त्यावरचं रेकॉर्डिंगही करता यायचं.

बॅटरीचे कंपन्यांचे आकडेच बघा. टच 30 तास, झून 33 तास, जे 3 तब्बल 64 तास. मी आठवड्यातून एकदा चार्ज करायचो.

आणि बटणं! ओहायोच्या थंडीत बसस्टॉपवर उभं राहिल्यावर याची किंमत कळते. असे पडदे कॅपॅसिटिव्ह, म्हणजे उघड्या बोटाचा स्पर्श ओळखणारे असतात; त्यांना साधा हातमोजा कळत नाही. टचला आवाजाची बटणं होती, पण पुढचं गाणं लावायचं तर मोजा काढा, नाहीतर इअरफोनच्या वायरवरचा रिमोट शोधा, आणि तो रिमोटही फक्त महागड्या मॉडेलबरोबर यायचा. झूनवर कडेचं बटण दाबलं की नियंत्रणं पडद्यावर यायची, म्हणजे पुन्हा मोजा काढणं आलंच. जे 3 च्या कडेला मात्र पुढे, मागे, थांब, आवाज अशी सगळी बटणं होती. कोटाच्या खिशात हात, मोजा तसाच, आणि विलंबित संपवून थेट द्रुतवर. पुढे पुण्यात पीएमटीच्या गर्दीत एक हात दांडीला असतानाही हेच सुख होतं. टचस्क्रीन प्लेअर पारखताना माझी पहिली परीक्षा आजही हीच आहे: पडद्याकडे न बघता काय काय करता येतं?

आवाजाच्या दर्जावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत सांगतो, तिन्हींतला फरक थोडा होता. चांगल्या इअरफोनने त्याहून जास्त फरक पडायचा. जुन्या कॅसेटची खरखर कमी करायला जे 3 चा इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय, मात्र बारकाईने लावता यायचा, टचवर ठराविक तयार पर्याय होते.

एका बाबतीत टच उजवा होता, ते सांगायलाच हवं. दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता गाणं सलग वाजणं त्याला पहिल्यापासून जमायचं. सीडीवर एकच मैफल तुकड्यांत कापलेली असते, तेव्हा मध्ये येणारी क्षणभराची शांतता तंबोरा तोडल्यासारखी टोचते.

टच बंद झाला मे 2022 मध्ये. फोनमध्ये तेच सगळं आलं, त्यामुळे वेगळा टच कशाला, या प्रश्नाला उत्तर उरलं नव्हतं. आज नवीन घ्यायचाच तर सोनीचा एनडब्ल्यू-ए 306 बघावा: कडेला खरी बटणं, कार्डाची खाच, इअरफोनची गोल पिन, फ्लॅकही वाजतं. पण त्यात अँड्रॉइड आहे, म्हणजे यूट्यूबही आलं, आणि ताईला नेमकं तेच नकोय.

म्हणून रविवारी मी माझा जे 3 च भाचीला नेऊन दिला, आजोबांच्या बैठकींसकट. त्यात ए-बी रिपीट आहे. गाण्यातला हवा तो तुकडा खूण करून पुन्हा पुन्हा वाजवता येतो. तिला एकदाच दाखवलं. मी चहा पिऊन निघालो तेव्हा आतल्या खोलीत भूपातली एकच तान सुरू होती. ती थांबायची, मग भाचीचा आवाज यायचा, मग परत तीच तान.