आरव्हीतलं, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतलं, बेसिन परत तुंबलं!

दात घासून चूळ भरली की पाणी तिथेच, वर पांढरा फेस. सांडपाण्याची ग्रे टँक रिकामी, गाडी लेव्हलला, तरी तेच! ट्रॅप, म्हणजे बेसिनचा वाकडा पाइप, उघडायला बेसिनखालच्या कपाटात डोकं घालावं, तर हात फिरवायला जागा नाही. चिंचोळा प्लास्टिकचा पाइप, आत टूथपेस्टचा थर आणि केसांचा काळा, बुळबुळीत गुंता. जहाल ड्रेन क्लीनर ओतायचीही सोय नाही, रबरी सील खराब होतात. शिवाय पाइपात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह चिकटला तर पाइप स्वच्छ असूनही पाणी डुबुक डुबुक करत रेंगाळतं. तो व्हॉल्व्ह तरी हाताला येईल असा बसवा ना! एवढी महागडी गाडी बनवता आणि पाइप साफ करायला एक साधं झाकण देत नाही? डोकं फिरतं अगदी.