हंडे वाहून दहा हजार मीटर पळता येत नाही

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर धावपटू कविता राऊतचा फोटो. खाली मजकूर असा, की ही मुलगी डोंगरातून पाण्याचे हंडे वाहायची, अनवाणी पळायची, नागलीची (नाचणीची) भाकरी खायची; ना कोच, ना बूट, ना डाएट, तरी देशाला मेडल दिलं. पळणं आदिवासी पोरांच्या रक्तातच असतं आणि बाकीचं काम नाशिकची हवा नि उंची करते. मग अकॅडमीवर पैसे कशाला घालवायचे? पोरांना पहाटे उठवा, रोज दम तुटेपर्यंत पळवा, तीन महिन्यांत फरक बघा.

सूर कौतुकाचा आहे, म्हणून कुणी खोडून काढत नाही. पण कौतुकाच्या नावाखाली यात त्या मुलीची सगळी मेहनतच गायब केलीय.

हंड्यांपासूनच सुरू करू. कविताच्या गावी, हरसूलकडच्या सावरपाड्यात, पाणी लांबून आणावं लागायचं, हे खरं. चढ-उतार तुडवत वाढलेल्या पोरांच्या पायांत जोर असतो, हेही खरं. पण हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात कितीतरी बाया आजही डोक्यावर हंडे घेऊन चालतात. हंड्यांनीच मेडल मिळत असती तर प्रत्येक पाड्यावर एक तरी आलं असतं. कविताच्या बाबतीत वेगळं घडलं ते हे, की ती नाशिकला कोच विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली आली आणि तिथे वर्षानुवर्षं टिकली. ‘ना कोच’ लिहिणाऱ्याने हा माणूसच पुसून टाकला.

त्या मेडलमध्ये काय होतं तेही बघू. दिल्ली, २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा, १० हजार मीटर, ब्राँझ, वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. ट्रॅकवर या अंतराच्या २५ फेऱ्या होतात. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी सरासरी ७९ सेकंदांत, आणि लागोपाठ पंचवीस वेळा. विश्वास बसत नसेल तर एकदा ट्रॅकवर जाऊन अशी एकच फेरी मारून बघा. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण प्रीजा श्रीधरनचं, आणि दोघींमध्ये अंतर एका सेकंदापेक्षाही कमी. वेगाचा असा अंदाज ट्रॅकवर स्टॉपवॉच लावून, फेऱ्यांमागून फेऱ्या मारूनच अंगात भिनतो.

उंचीचा मुद्दा एका ओळीत संपतो. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटरवर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून धावपटू जातात ते उटी किंवा केनियातल्या इटेनला, दोन हजार मीटरच्याही वर. आपली थंडी पळायला झकास आहे, एवढंच.

अनवाणी पळण्याचं कौतुक करताना अबेबे बिकिलाचं नाव येतंच. १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली, कारण मिळालेले बूट पायाला नीट बसेनात. त्याच्यामागे ओन्नी निस्कानेन हा कोच होता, हे मात्र कुणी सांगत नाही. १९६४ ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात पोहोचला. ज्यांच्याकडे बूट नसतात ती पोरं अनवाणी पळतात. त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

नागलीबद्दल माझी तक्रार नाही. कॅल्शियमच्या बाबतीत गहू-तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. पण आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर पळणाऱ्या मुलीला सोबत डाळ, अंडी, दूध, गूळ-शेंगदाणे असं बरंच काही लागतं आणि मुख्य म्हणजे भरपूर लागतं. कमी खाऊन जास्त पळालं की आधी पाळी लांबते, मग बंद होते, आणि पाठोपाठ हाडं ठिसूळ होऊ लागतात. लोह घसरलं की पोरगी विनाकारण थकते आणि घरचे म्हणतात, आळशी झाली. पाळी चुकणं हे कडक ट्रेनिंगचं लक्षण मानणारे पालक आपल्याकडे आहेत. ते डॉक्टरकडे जायचं लक्षण आहे.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे रोज दम तुटेपर्यंत पळा. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे पोलिस भरतीची पोरं बघा. पहिली फेरी जीव खाऊन, दुसरीत मान वाकडी, तिसरीला कमरेवर हात. उद्या पुन्हा तेच. लांब पल्ल्याचे मुरलेले धावपटू आठवड्यातले बहुतेक किलोमीटर इतक्या आरामात काढतात, की शेजारच्याशी सलग गप्पा मारता याव्यात. जोरकस सेशन दोन, फार तर तीन. बाकी दिवस कंटाळवाणे असतात. खरी चिकाटी लागते ती याच कंटाळ्याला, कारण शेजारून कुणी सुसाट गेलं की आपणही पाय उचलावा असं वाटतंच.

यामागे शरीराचं गणित आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिने घेतात. नवा भार पडला की हाड आधी थोडं झिजतं, मग नव्याने बांधलं जातं. दम वाढला म्हणून पोरगं वेग वाढवतं, तेव्हा नडगी अजून कच्चीच असते. नडगीच्या आतल्या कडेने वरून खाली अंगठा दाबत न्या. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा सूज आहे, काही दिवस पळणं कमी करा. पण एका बोटाएवढ्या जागी कळ येत असेल तर पळणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तिथे बारीक चीर असू शकते. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही.

राहिले तीन महिने. तेवढ्यात भरतीची १६०० मीटरची वेळ सुधारते, नाही असं नाही. स्पर्धेचं पळणं वेगळं. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला सहा किलोमीटर जायचा, हीही फॉरवर्डवाल्यांची आवडती गोष्ट. पण तो स्पर्धेत उतरला तो लष्करात गेल्यावर, २०१५ मध्ये. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीचं) रौप्य मिळालं २०२२ मध्ये, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्णापासून पाच शतांश सेकंद मागे. मधली सात वर्षं पगार चालू होता, मेसचं जेवण होतं, कोच होते, उंचावरचे कॅम्प होते. हरसूलच्या पोरीला हे सगळं कुणी द्यायचं, यावर त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही.