नाचायला वरातच कशाला लागते?

लातूर-नांदेडकडे तब्येतीचा विषय निघाला की वाद ठरलेला: जिम बरी की सकाळचं फिरणं? नाचाचं नाव कुणी काढत नाही. नाच म्हणजे वरातीत डीजेपुढचा धिंगाणा, नाहीतर पोरांचं गॅदरिंग. इकडे स्कॉटलंडमध्ये केलीचे, म्हणजे पारंपरिक नाच-गाण्याच्या मेळाव्याचे, नाच शाळेत पीटीच्या तासालाच शिकवतात. त्यामुळे साठी उलटलेली माणसंही लग्नात न लाजता उतरतात.

त्यातला गे गॉर्डन्स घ्या. जोडीने चार पावलं पुढे, मग तोंड फिरवून त्याच दिशेने चार पावलं उलटी. नंतर हेच विरुद्ध बाजूला. नवखे वळतानाच फसतात. हात सोडतात, मोठा वळसा घेतात आणि मागच्या जोडीवर आदळतात. हात धरून जागेवर वळलं की झालं.

ट्रेडमिलवर डोक्याला काम नसतं, म्हणून नजर सारखी घड्याळाकडे जाते. नाचात पुढचं पाऊल आठवावं लागतं, शिवाय समोरचा खोळंबलेला असतो. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४६९ वृद्धांचा अभ्यास छापून आला. त्यात व्यायामाच्या प्रकारांपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला तो फक्त नाचाचा. अर्थात ज्यांचं डोकं शाबूत तेच नाचत राहिले, असंही असू शकतं. औषध म्हणून नाच विकू नये.

आपल्याकडे सामान तयारच आहे. नाथषष्ठीला पैठणला येणाऱ्या दिंड्यांतली पावली बघा. गात गात नाचायचं, त्यामुळे दमाचं माप आपोआप मिळतं. चाल म्हणणाऱ्यामागे धृपदाचे शब्द नुसते बोलताही येईनात, तर लय जास्त झाली, पखवाजवाल्याने उतरवावी. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नास मिनिटांचे तीन वर्ग घेतले की हिशेब जुळला. त्याशिवाय आधी दहा मिनिटं संथ लयीत, शेवटी दहा तशीच.

लेझीम मात्र २६ जानेवारीपुरती कपाटाबाहेर निघते. मोठ्यांनी ती धरताना बैठकीचे हात, म्हणजे खाली बसून करायचे प्रकार, गाळावेत, गुडघे तिथेच धरतात. सिमेंटच्या अंगणात अनवाणी नाचू नये, नडग्या भरून येतात. मातीचं मैदान बरं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपावं.

नाचाने दंडात ताकद येत नाही, हे जिमवाल्यांचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी आठवड्यातून दोनदा जोर मारावे लागतीलच.