साहेब आहेत का?

नगरसेविका मी आहे. 21 डिसेंबरला निकाल लागला तेव्हा गुलाल माझ्याच डोळ्यांत गेला होता. तरी आज सकाळी सव्वासातला मागच्या गल्लीतले अण्णा दारात उभे राहून मलाच विचारतात, “वहिनी, साहेब आहेत का?”

साहेब दाढी करत होते. साहेब बँकेत रोखपाल आहेत. गटाराशी त्यांचा संबंध एवढाच की मागे एकदा त्यात त्यांची चप्पल गेली होती.

“मला सांगा ना अण्णा.”

“नको, जरा नगरपालिकेचं काम आहे.”

हे आले, एका गालाला फेस. चेंबर तुंबलंय, पाणी उंबऱ्याला लागलंय, हे सगळं अण्णांनी त्या फेसाला सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आरोग्य निरीक्षकांना सांगते, दुपारपर्यंत माणसं येतील.”

“दुपारपर्यंत माणसं येतील,” हे अण्णांना म्हणाले.

“वा! काम करावं तर साहेबांनी!” मग ह्यांनाच, “झाकणही फुटलंय.”

“झाकण बांधकाम विभागाकडे,” मी.

“झाकण बांधकाम विभागाकडे. बघतो मी,” हे. हे ‘बघतो मी’ माझं नव्हतं, ते त्यांनी पदरचं घातलं.

अण्णा माझ्याशी अजिबात बोलले नाहीत असं नाही. चहा पिताना म्हणाले, “वहिनी, साखर जरा कमी.” आणि उठताना ह्यांच्या पाठीवर थाप मारून, “आमच्या अख्ख्या घराचं मत तुम्हालाच होतं बरं का!”

यंत्रावर नाव माझं होतं. अर्ज भरताना 12 सप्टेंबर 2001नंतर किती मुलं झाली, घरात शौचालय आहे का आणि ते वापरता का, याची उत्तरं सही करून मी दिली. घरपट्टीच्या थकबाकीसाठी खिडकीवर मी उभी होते. निम्म्या जागा बायकांना हा कायदा 2011चा. पण सोडतीत आमच्या प्रभागातली जागा ‘सर्वसाधारण महिला’ निघाली, तेव्हा अभिनंदनाचा पहिला फोन ह्यांना आला. वाढदिवसाच्या फलकावर ह्यांचा फोटो मोठा, माझा कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढा. वाढदिवस माझा होता.

बरं, निवडणुका लांबल्या आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक कारभार बघत होते. चेंबर तेव्हाही तुंबायचंच. तेव्हा अण्णा कुणाच्या दारात जाऊन बसायचे? प्रशासकाकडे जाऊन साखर कमी करून घेतली असती का? आणि सही अजूनही मुख्याधिकाऱ्यांचीच लागते. माझ्या हातात फोन आणि आवाज, तोही घरात अनुवाद होऊन बाहेर पडतो.

दुपारी माणसं आली, चेंबर मोकळं झालं. संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णांचा संदेश : ‘कार्यसम्राट साहेबांचे जाहीर आभार.’ खाली ह्यांनी हात जोडलेत.

झाकण अजून फुटकंच आहे. बांधकाम विभागाला मी अजून फोन केलेला नाही. ‘बघतो मी’ म्हणालेत ना, बघू दे.