उंदराला फेटा कसा बांधावा

तुमच्या कॉलेजात संशोधन झालं, शोधनिबंध छापूनही आला. पण संस्थेच्या अध्यक्षांचा प्रश्न एकच: "पेपरात कधी येणार?" म्हणजे प्रसिद्धिपत्रक काढणं आलं. ते काम नेहमीप्रमाणे एनएसएस बघणाऱ्या सरांच्या, म्हणजे तुमच्याच गळ्यात पडणार. घाबरू नका की ओ. कसं करायचं ते सांगतो.

समजा, विषय हळदीचा आहे. हळद बरी. ती आपल्या भागात पिकते, सांगलीच्या बाजारात जाते आणि तिच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची छाती होत नाही. निबंधात म्हटलंय असं धरू: 24 उंदीर, बारा-बाराचे दोन गट, एका गटाला आठ आठवडे रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 100 मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य. नुसतं खाद्य खाणाऱ्या बारांपैकी चौघांचे सांधे सुजले, कर्क्युमिनवाल्या बारांपैकी दोघांचे.

पहिलं काम उंदीर घालवणं. मथळ्यात उंदीर नको, पहिल्या परिच्छेदात तर नकोच. अध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांचं अभिनंदन वर घ्या आणि "प्राण्यांवरील प्राथमिक चाचणी" हे तीन शब्द अगदी शेवटी टाका. संध्याकाळी पान लावताना जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो. उंदीर आपोआप जातात, तुमच्यावर ठपका येत नाही.

दुसरं, मात्रेचा हिशेब कुणाला करू देऊ नका. उंदराची दर किलोमागची मात्रा माणसाला लावायची तर ढोबळमानाने तिला बाराने भागतात. 100 चे झाले 8 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे 500 मिलिग्रॅम कर्क्युमिन. हळदपुडीत कर्क्युमिन असतं वजनाच्या साधारण 3 टक्के, म्हणजे हळद झाली रोज सोळा-सतरा ग्रॅम, चहाचे पाचेक चमचे. एवढी आमटीत घातली तर आमटी उंदीरसुद्धा खाणार नाही. शिवाय पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात उतरतं फारच थोडं. बाकीचं तसंच बाहेर पडतं, नाहीतर आतड्यात आणि यकृतात रूप बदलून निघून जातं. म्हणून आकडे नकोत. हळदीच्या दुधाच्या पेल्याचा फोटो जोडा.

तिसरं, आणि यातच खरी कारागिरी आहे: टक्के. बारात चारऐवजी दोन, म्हणजे फरक दोन उंदरांचा. पण "सांधेसुजीत 50 टक्के घट" हेही खोटं नाही. कशाच्या 50 टक्के, हे विचारायला वार्ताहराकडे वेळ नसतो. हे हत्यार जुनं आहे. 1995 साली ब्रिटनमध्ये नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, अशी बातमी पसरली. सात हजारांत एक होता, तो सात हजारांत दोन झाला होता. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांची संख्या वाढली. मथळा मात्र अचूक होता.

बारात दोन आणि बारात चार हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, असं एखादा खडूस प्राध्यापक म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, आणखी मोजमापं घ्या. वजन, साखर, झोप, शेपटीची लांबी, काहीही. निव्वळ योगायोगाने फसण्याची शक्यता प्रत्येक मोजमापात वीसात एक धरली, तर एकमेकांशी संबंध नसलेली 18 मोजमापं घेतल्यावर काहीतरी हाताला लागण्याची शक्यता 60 टक्क्यांवर जाते. जॉन बोहॅनन या पत्रकाराने 2015 मध्ये हेच मुद्दाम करून दाखवलं. 15 माणसं, 18 मोजमापं, तीन आठवडे, आणि निष्कर्ष काय, तर चॉकलेटने वजन लवकर उतरतं! पैसे भरून निबंध छापला, चकचकीत पत्रक काढलं, देशोदेशीच्या माध्यमांनी उचललं. किती माणसांवर प्रयोग केला, हे जवळजवळ कुणीच विचारलं नाही.

मग संशोधकाचं अवतरण. ते तुम्हीच लिहा, "क्रांतिकारी" एकदाच वापरा आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर पाठवा. "ओके सर" आलं की संमती झाली. पत्रक इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत काढा, आणि प्रत्येक वेळी एकेक "जर-तर" गाळत जा.

आता एक अडचणीची गोष्ट, आपल्यातच ठेवा. कार्डिफ विद्यापीठाच्या मंडळींनी 2014 मध्ये ब्रिटनच्या 20 विद्यापीठांची 462 पत्रकं तपासली. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना लावण्याची अतिशयोक्ती 36 टक्के पत्रकांत होती. जिथे पत्रकात ती होती, तिथे 86 टक्के बातम्यांतही उतरली. जिथे नव्हती, तिथे फक्त 10 टक्के. म्हणजे सगळा दोष वार्ताहराच्या डोक्यावर फोडायची आपली जुनी सोय गेली. त्याहून वाईट म्हणजे, फुगवलेल्या पत्रकांना प्रसिद्धी जास्त मिळाली, असंही काही ठळकपणे दिसलं नाही. इतका फेटा बांधून उंदीर जिथल्या तिथेच! अध्यक्षांना हे सांगू नका. अगदीच कळलं, तर "हा नुसता सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे" म्हणा. अशी काटेकोर भाषा अशाच प्रसंगासाठी राखून ठेवायची असते.

सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच परिणाम दिसला नाही तर? काही होत नाही. "काहीच आढळलं नाही" याचं पत्रक कुणी काढत नाही, शाल-श्रीफळ घेऊन फोटोही काढत नाही. तोवर तुमचं कात्रण लॅमिनेट होऊन नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या समितीच्या, फाइलीत गेलेलं असतं.

फोन मात्र येतील. गुडघ्याला नेमकी किती हळद, कोमट दुधात की पाण्यात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तर चालेल का. उत्तर एकच: "डॉक्टरांना विचारा." पत्रकात हे वाक्य जागेअभावी गेलं होतं, फोनवर जागा भरपूर असते. फोन उचलणाऱ्या शिपायाला तेवढं आधी बजावून ठेवा, नाहीतर तो परस्पर "रोज दोन चमचे" सांगून मोकळा होईल.