‘राग सगळ्यांनाच येतो’ असं लिहिणाऱ्या दादांना

नमस्कार. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे एफएनडी (मेंदूची रचना शाबूत, पण शरीरावरचा त्याचा ताबा बिघडतो; हातपाय लुळे पडतात, झटके येतात असा मला असलेला आजार), आणि राग यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक हितचिंतक, मालवण’ एवढीच सही करून लिहिलंत: ‘ताई, राग सगळ्यांनाच येतो, आम्ही आवरतो ना? रिपोर्ट नॉर्मल असताना रागावर आजाराचं पांघरूण घालू नये. घरच्यांनी किती सोसायचं तेही लिहा. आणि औषधाचं नाव न घेता नुसते व्यायाम सांगितलेत, लोक गोळ्या सोडतील.’

ताई म्हणालात, म्हणून दादा म्हणते. पण दादा, हितचिंतक असा खडसावतो का? शेवटी ते हसणारं तोंड कशासाठी डकवलंत? तुमच्या प्रतिक्रियेला लाइक करणाऱ्यांत माझ्या माहेरच्या वाडीतलेही आहेत. सणावाराला त्यांच्यासमोर मला उभं राहायचंय, याचा विचार केला होतात का?

एक गोष्ट मान्य करते. एफएनडी झालेला प्रत्येक माणूस तापट असतो असं नाही. काही जण तर फारच शांत दिसतात.

आता तुमचं ते ‘आम्ही आवरतो ना’. हेच ऐकत मी वाढले. आमच्या घरात मुलीने आवाज चढवायचा नाही, ताट आपटायचं नाही, उलट बोलायचं नाही. मी आवरण्यात इतकी तरबेज झाले, की राग आलाय हे मला स्वतःलाच कळेनासं झालं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं, मी विळीवर नारळ खवत होते. मागून आवाज आला, ‘हिचो पाय बरो कामाच्या टायमाकच लुळो पडता.’ मी काही बोलले नाही. खरं सांगते, राग आल्याचं जाणवलंही नाही. जाणवलं ते इतकंच की जबडा आवळलाय, उजवा हात थरथरतोय आणि नारळाचा चव ताटाबाहेर सांडतोय. मग झटका आला. डोळे मिटलेले, सगळं ऐकू येत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. कुणी कांदा हुंगवला, कुणी म्हणालं अंगात आलंय, देवळात कौल लावा. यातलं कुठलं आवरायचं राहिलं होतं माझं?

आपल्याला काय वाटतंय हे ओळखता न येणं या आजारात बऱ्याच जणांत दिसतं. त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. शरीर पेटलेलं असतं आणि माणूस ‘काही नाही, बरी आहे’ म्हणतो. २०१० साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात रुग्णांना भावना दाखवणारे चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. भावनांना दाद देणारा अमिग्डाला आणि हालचालींची आखणी करणारा भाग यांच्यातला दुवा निरोगी माणसांपेक्षा जास्त जोरात चालत होता. साध्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही.

म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे वाक्य माझ्या तोंडावर पुन्हा फेकू नका. एका दवाखान्यात ‘काही नाही हिला’ असं माझ्या नवऱ्याला सांगून फाइल मिटली होती. मी समोर बसले असताना. पुढे करूळ घाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी मला उताणं झोपवलं, लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवला आणि टाच खाली दाबायला सांगितली. जमेना. मग चांगला पाय वर उचलायला सांगून त्यावर दाब दिला. त्याबरोबर लुळ्या पायाची टाच आपोआप त्यांच्या हातावर रुतली. नवऱ्यालाही त्यांनी तिथे हात ठेवायला लावला. पायात ताकद होती, ती माझ्या हुकमाला येत नव्हती. ही हूव्हरची खूण, १९०८ पासून माहीत असलेली. निदान अशा खुणांवरून होतं. मागे मानसिक ताण दाखवून द्यायची अट तर डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेने, २०१३ मध्येच काढून टाकली.

मला पुढे जे शिकवलं ते आवरण्याच्या नेमकं उलट होतं. झटक्याआधीचं मिनिट पकडायचं: जबडा, मान, तळहाताचा घाम. मग लक्ष बाहेर वळवायचं, पायाखालची लादी गार आहे का, समोरच्या माडाला झावळ्या किती. आणि मोठ्याने म्हणायचं, ‘मला राग आलाय.’ सासूबाईंसमोर हे पहिल्यांदा म्हणाले त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. पण झटका आला नाही. तुम्हाला यात पांघरूण दिसतं, मला दिसत नाही.

हे सगळ्यांनाच लागू पडतं असा दावा मी केलेला नाही. ब्रिटनमध्ये अशा झटक्यांच्या ३६८ रुग्णांवर सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराची, चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर महिन्याला येणाऱ्या झटक्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नव्हता, पण मनाचा त्रास आणि रोजचं जगणं यांत सुधारणा होती. झटके मोजणाऱ्याला हे थोडं वाटेल, ज्याला रोज जगायचंय त्याला नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर अपस्माराच्या गोळ्या या झटक्यांवर चालत नाहीत. काहींना दोन्ही आजार असतात, म्हणून आपल्या मनाने गोळी कुणी बंद करू नये. हे कोणताही डॉक्टर सांगेल.

घरच्यांनी किती सोसायचं, हे माझे घरचे वाटलं तर लिहितील. त्यांची वकिली तुमच्याकडे कुणी दिलेली नाही. पुन्हा लिहायचं असेल तर खऱ्या नावाने लिहा, उत्तर देईन. ते हसणारं तोंड पुन्हा दिसलं तर प्रतिक्रिया काढून टाकीन.